पडद्याआडून उठा

 

टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळांच्या संमेलनात अध्यक्षानं आढावा घ्यावा अशी रीत आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २०२४ची नवी नियमपुस्तकं, ऑनलाइन टेबलं, लॉकडाउनपासून वाढलेली मंडळी, यांवर टिपणंही काढली होती. ती बाजूला ठेवते. कारण एक गोष्ट मी कित्येक वर्षं मनात धरून आहे आणि हा माईक पुन्हा हाती येईल याची खात्री नाही.

आपल्या बहुतेक गटांमध्ये एकच माणूस कायम खेळ चालवतो आणि बाकीचे कायम खेळतात. जो चालवतो तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर. टेबलावरच्या छोट्या पडद्यामागे बसून नकाशा त्यानं काढायचा, राक्षस त्यानं उभे करायचे, गावातला सावकार, वेशीवरचा शिपाई, देवळातली म्हातारी, सगळ्यांचे आवाज त्यानंच काढायचे. शनिवारी कोण येतंय, कोण नाही, याचे फोनही त्यानंच करायचे. बाकीच्यांनी आपापला एक माणूस घेऊन यायचं आणि त्याच्या सुखदुःखात रमायचं. मला हे मान्य नाही. हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि यामुळं खेळही बिघडतो.

माझे एक जुने स्नेही होते. नाव घेत नाही. खेळ चालवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी या भागात पाहिला नाही. त्यांच्या वहीत एक कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा तपशील लिहायचा कागद, होती, बस्तरच्या एका वैदिणीची, पहिल्या लेव्हलची. तिच्या कमरेच्या पिशवीत कुठली मुळी आहे, ती कुणावर रुसली आहे, इथपर्यंत सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. तुम्ही खेळणारी माणसं आहात, वापरातली शीट कशी दिसते ते तुम्हाला ठाऊक आहे. पात्राचा उरलेला जीव मोजणाऱ्या हिट पॉइंटच्या चौकोनात खोडरबर फिरून फिरून कागद विरतो, कधी भोक पडतं. त्यांच्या शीटवर तो चौकोन शेवटपर्यंत कोरा करकरीत राहिला. ‘पुढच्या वेळी तुम्ही खेळा, आम्ही चालवू’ असं सगळे म्हणत. मग त्यांची बदली झाली, आणि हळूहळू त्यांनी खेळच सोडला.

यावर आपल्यातले काहीजण म्हणतात, चालवणं हेही खेळणंच आहे, त्याला वेगळं काय खेळायचंय? रोज रांधणाऱ्या बाईला विचारा, आयतं वाढलेलं पान म्हणजे काय असतं ते. मी दोन्ही खुर्च्यांत बसले आहे. पडद्यामागे बसल्यावर दारापलीकडं काय आहे हे मला माहीत असतं. समोर बसल्यावर माहीत नसतं. त्या माहीत नसण्यासाठी तर माणूस या खेळाकडं येतो.

दुसरे म्हणतात, डीएमनं आपलंही एक पात्र खेळाडूंच्या टोळीत घालावं, म्हणजे भागलं. भागत नाही. एका गटात डीएमचा जादूगार टोळीबरोबर हिंडत असे. कोडं घालणारा तोच, सोडवणाराही तोच. अर्ध्या तासानं पाहिलं तर टेबलावरची मुलं फाशांचे मनोरे रचत होती.

थोडं इतिहासाकडं बघा. १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यानं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक गाव, आणि प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक भूमिका. त्याच्या टेबलावरचा एक खेळाडू होता डेव्ह आर्नसन. पुढं लॅटिन अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशावरच्या डावात विद्यार्थी क्रांतिकारक होऊन त्यानं सगळ्यांना असं काही गंडवलं की आजही ते सांगितलं जातं. वेसली लष्करी सेवेत गेला आणि आर्नसननं ‘ब्लॅकमूर’ हे स्वतःचं काल्पनिक जग चालवायला घेतलं. म्हणजे तो आधी मनसोक्त खेळला आणि मग चालवू लागला.

मग गॅरी गायगॅक्स. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ त्यानं आणि आर्नसननं मिळून १९७४ साली आणला. गायगॅक्सच्या ग्रेहॉक नावाच्या काल्पनिक किल्ल्याच्या तळघरांत पहिल्यांदा उतरली ती त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस. लोक वाढले तेव्हा त्यानं रॉब कुन्ट्झ नावाच्या, विशीही न गाठलेल्या पोराला बरोबरीचा डीएम केलं. आणि कुन्ट्झ चालवत असताना गायगॅक्स समोर बसून खेळायचा. पुस्तकांत ज्याचे मंत्र आपण आजही वाचतो तो मॉर्डेनकेनन हे गायगॅक्सचं खेळाडू म्हणून असलेलं पात्र. ज्यानं नियम लिहिले त्यालाही दुसऱ्याच्या टेबलावर बसावंसं वाटलं, आणि आपण आपल्या डीएमला म्हणतो, तुम्हीच चालवा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही! ही स्तुती नाही. हे जोखड आहे.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? कोकणातल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंग लावता लावता आख्यान ठरतं, कुणी काय व्हायचं ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे. आख्यान लावून देणारा पुष्कळदा स्वतःही सोंग घेऊन उभा राहतो. आणि आपल्या रायपूरचे रंगकर्मी हबीब तनवीर? १९७३ साली याच शहरात ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांची कार्यशाळा घेऊन त्यांनी त्या कलावंतांच्याच सुचण्यातून नाटक उभं केलं. ‘चरणदास चोर’चे ते दिग्दर्शक, आणि त्याच नाटकात हवालदार होऊन आपल्याच नटांसमोर उभे राहत. समोरचा नट कुठं अडतो हे त्याच्या शेजारी उभं राहून जसं दिसतं, तसं पहिल्या रांगेत बसून दिसत नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हात बदलले की कॅम्पेन, म्हणजे बैठकीमागून बैठकी चालणारी कथा, विस्कटतं, जगाला एकच धनी हवा, असं जाणती माणसं म्हणतात. आमच्या टेबलावरचा अनुभव सांगते. आमचं कॅम्पेन महानदीच्या काठचं. माझ्या घरी उन्हाळ्यात एक आजारपण आलं आणि बसणं बंद पडायची वेळ आली. तेव्हा आमच्यातली सगळ्यांत धाकटी मुलगी म्हणाली, मी चालवते. सिरपूर माझ्याकडं राहिलं, राजिमचा संगम तिच्याकडं गेला, आणि पुढं इंद्रावतीपलीकडचं जंगल तिसऱ्यानं घेतलं. १९८७च्या ‘आर्स मॅजिका’नं आळीपाळीनं चालवण्याची ही पद्धत नियमातच घातली होती, आम्ही काही नवं केलं नाही.

विसंगती आलीच. माझ्या सिरपुरात जो नावाडी धडधाकट होता, तो तिच्या राजिमात तीन वर्षांपूर्वी बुडाला होता. टेबलावर शांतता पसरली. मग एकजण म्हणाला, मग आपल्याला सिरपुराहून कुणी आणलं? तिनं पडद्यावरून आमच्याकडं पाहिलं आणि ती म्हणाली, हेच विचारायला त्याची बायको घाटावर आली आहे. पुढचे कित्येक महिने आम्ही त्या एका प्रश्नामागं हिंडलो. दोन भाऊ, एक वाटणी, एक खोटी साक्ष. हे एकट्या माझ्या डोक्यातून आलं नसतं, आणि एकट्या तिच्याही नाही.

त्या दिवसांत मी समोर बसून खेळत होते. वर्णन किती लांबलं की हात पोह्यांच्या बशीकडं जातो, आपली पाळी येईपर्यंत किती ताटकळावं लागतं, फासा पडल्यावर डीएमनं एक क्षण थांबावं की लगेच बोलावं, हे सगळं त्या खुर्चीत कळतं. तीही बदलली. आधी माझ्या प्रत्येक निवाड्यावर नियमपुस्तक उघडणारी मुलगी, चार वेळा चालवल्यावर पुस्तक मिटून ऐकायला लागली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक गटानं आपल्या डीएमला सक्तीनं खेळायला बसवावं. आणि वर्षानुवर्षं नुसतं खेळणाऱ्यांनी निदान एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीचा डाव, चालवावा. ‘मला जमणार नाही’ हे कारण मी ऐकणार नाही. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, आणि टेबलावरची माणसं तुमची मित्रमंडळी असतात, परीक्षक नव्हे.

कामांबद्दल बोलायचं तर, नव्यानं चालवणाऱ्यांसाठी मराठीतून छोटी साहसं लिहून काढावीत, एका बैठकीत संपतील अशी, आपल्याच गावांतली. एक लहान समिती करू, कोण असेल ते संध्याकाळी ठरवू. शाळांकडंही जायचं आहे. नियमांच्या मराठी तर्जुम्याचं पुढं पाहू.

दुपारच्या टेबलांची यादी दाराशी लावली आहे. आयोजकांच्या संमतीनं मी तिच्यात बदल केला आहे. ज्यांची नावं डीएम म्हणून होती, ती सगळी खेळाडूंत गेली आहेत. आपापले पडदे इथं मंचावर आणून ठेवा, ज्यांना लागतील ती मुलं घेऊन जातील. कोरी शीट, पेन्सिल, फासे मिळतील. जेवणं दीड वाजता आहेत, आणि अडीचला टेबलं सुरू होतील.