अर्धी गोळी

सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत वर्षानुवर्षं माझ्या शेजारी टेबल लावून बसलेले सहकारी आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या गावोगावच्या आशाताई, तुम्ही आधी पुढे या. आज ज्या कामाबद्दल बोलायचं आहे, ते निम्मं तुमचंच आहे.

अधिवेशनाच्या अध्यक्षपदाची मला सवय नाही. माझ्या हुद्द्यात ‘समाजसेवा अधीक्षक’ असा भारदस्त शब्द आहे खरा. पण तीस वर्षांत मी अधीक्षण केलं ते एका लोखंडी कपाटाचं आणि दोन खुर्च्यांचं. त्यातल्या एका खुर्चीचा पाय लंगडा. त्यामुळे उपदेश करत नाही, एक हिशेब मांडते.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई मुलाला घेऊन दर पंधरवड्याला यायची. नवरा नाही, दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. मुलगा पंचविशीचा, त्याला स्किझोफ्रेनिया. ओलान्झापिन सुरू होतं, तरी त्याच्या कानातले आवाज काही थांबत नव्हते. मग ती महिन्याने येऊ लागली. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. मी दर खेपेला विचारायची, “गोळी रोज देता ना?” ती म्हणायची, “रोज देते.” खोटं नव्हतंच ते. एकदा, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून वेगळा प्रश्न गेला : “कशी देता?” ती म्हणाली, “विळीवर निम्मी करून. थोडी चुऱ्यात जाते.”

पंधरा दिवसांची गोळी ती महिनाभर पुरवत होती. का, ते तिने बोटांवर मोजून दाखवलं. दोन माणसं, दोन एसट्या, जायचं-यायचं भाडं. तेव्हा बाईमाणसाला अर्धं तिकीट नव्हतं. वर दिवसाचा खाडा. आणि इतकं करून आल्यावर डॉक्टर रजेवर, नाहीतर औषधाची खिडकी बंद. केसपेपरवर आम्ही मात्र लिहिलं होतं, ‘औषधाला अपेक्षित प्रतिसाद नाही’. ते लिहिताना आमच्यापैकी कुणाचाही हात थरथरला नव्हता. गोळी फुकट होती. त्या फुकट गोळीपर्यंत पोचायला पैसे लागत होते, आणि ते विचारायला केसपेपरवर रकाना नव्हता.

मित्रहो, मनाच्या आजाराची एक खोड आहे. पाय मोडला तर माणूस काही आठवडे घरी बसतो, पुन्हा कामाला लागतो. हा आजार आधी कमाईवर बसतो. आवाज ऐकू येणाऱ्याला मुकादम कामावर ठेवत नाही, नैराश्यातली बाई पहाटे उठून डबे करू शकत नाही. मग जिची कमाई शिल्लक आहे, ती आई किंवा बायको सोबतीला येते आणि तिचाही दिवस बुडतो. म्हणजे ज्या दिवशी उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी घरात पैसा सर्वांत कमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, की अशा कुटुंबांचे उपचार आणि प्रवासावर महिन्याला साधारण हजार ते दीड हजार रुपये जात होते. गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना, आजारागणिक, उपचार मिळतच नव्हते. बारा राज्यांच्या त्या पाहणीत आपला महाराष्ट्र नव्हता. पण हे आकडे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

कुणी म्हणेल, विमा काढावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं आहे, की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्या. चांगलंच आहे. पण विम्याची रचना खाटेभोवती आहे. भरती झालात, तर बिल. आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांना खाट लागतच नाही. त्यांना लागते महिन्याची गोळी, समुपदेशकाची अर्ध्या तासाची बैठक, आणि हे वर्षानुवर्षं. सरकारी आरोग्य योजनांची कार्डंही मुख्यतः भरती झालेल्यालाच उपयोगी. त्यामुळे मनाच्या आजारात विमा असलेला नोकरदारही बऱ्याच अंशी बिनविम्याचाच. फरक इतकाच, की तो शहरात एका सत्राला हजार-दीड हजार मोजू शकतो, काही महिने तरी.

मग ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने कुठे जायचं? पत्ता तर मराठी माणसाला तोंडपाठ आहे. “याला ठाण्याला पाठवा”, “येरवड्याला न्या” असं आपण शाळेच्या मैदानावर एकमेकांना म्हणतच मोठे झालो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी : परवडणाऱ्या उपचारांची ही चार जुनी ठिकाणं. त्यातल्या दोन नावांची आपण शिवी केली. ज्या गावाचं नाव घेऊन पोरं हसतात, तिथे आपल्या पोराला घेऊन कोण जाईल? लोक देवरूषाकडे जातात, गाणगापूरला जातात, ते अडाणी म्हणून नव्हे. तिथे ‘बाहेरचं आहे’ म्हणतात, म्हणजे दोष घरातल्या माणसावर येत नाही. तिथे रात्रभर सोबत राहता येतं, आणि कुणी कागद मागत नाही. हे आपल्याला का जमत नाही, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम १८ प्रत्येकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावं. दारिद्र्यरेषेखालचा माणूस, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि निराधार व बेघर यांना सरकारी ठिकाणी उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. ‘कार्ड असो वा नसो’ हे शब्द कायद्याच्या पोटात आहेत, आपल्या खिडकीवर मात्र अजून “कार्ड कुठंय?” हेच ऐकू येतं. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र, सर्वकाळ मोफत हवीत, हेही त्याच कलमात आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी दिवसरात्र मोफत बोलते, मराठीतही. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिथल्या बाईने तो नंबर कधी लावायचा, हा प्रश्न उरतोच.

मानसिक आरोग्यासाठी काम करणारी ठाण्याची आयपीएच, व्यसनमुक्तीचं पुण्याचं मुक्तांगण, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोचवणारी कर्जतची श्रद्धा या संस्थांनी आपल्याला खूप शिकवलं. पण त्या मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहेत. विळीवाल्या बाईच्या गावापासून तिथे पोचायचं म्हणजे आणखी दोन दिवसांचा खाडा.

तिच्यासाठी मला आशा वाटते ती दुसऱ्या तीन कामांमुळे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्याचा फायदा दिसला तो सरकारी केंद्रांत, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आणि नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच माणसांनी शेजाऱ्याचं मन ऐकलं, शिवाय त्याला सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायलाही मदत केली. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शेवटचं. योजनेचा अर्ज भरणं हाही उपचार आहे, हे तिथे ओळखलं गेलं.

म्हणून या अधिवेशनाकडे माझी मागणी आहे. ती मंत्रालयाकडे नंतर जाईल, आधी आपल्यासाठी आहे.

केसपेपरवर एक रकाना पेनाने आखा : गाव किती लांब, भाडं किती, सोबत कोण, त्याचा खाडा किती. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी तो वाचावा. रुग्ण स्थिर असेल, तर एकदोन महिन्यांची औषधं एकदम द्या, आणि शक्य तिथे जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून द्या.

औषध संपलं असेल तर तोंडी “बाहेरून घ्या” म्हणू नका. कुठलं औषध, कुठली तारीख, किती रुग्ण परत गेले, हे वहीत लिहा आणि वर पाठवा. तोंडी टंचाई कुणालाच दिसत नाही.

आणि दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व धरलं आहे, पण किती आयांना ते कुणी सांगितलं? त्या कागदावर एसटीची सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळू शकतं. अर्ज आपल्या टेबलावर ठेवा, त्याच फेरीत भरून घ्या. लंगड्या खुर्चीवर बसून हे होतं, मी केलं आहे.

त्या बाईचं पुढे काय झालं, हे सांगून थांबते. डॉक्टरांनी डोस पूर्वीच्या जागी आणला आणि दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. निराधारचं अनुदान सुरू व्हायला मात्र चौदा महिने लागले; त्या दिरंगाईत माझ्याही टेबलावरचे दोन महिने आहेत, ते मी लपवत नाही. मुलगा पूर्ण बरा झाला असं म्हणणार नाही. तो शेळ्या सांभाळतो, आणि आवाज आले तर आईला सांगतो. गोळ्या पहिल्यांदा दोन महिन्यांच्या दिल्या, त्यानंतरच्या खेपेला तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “मोजा.” मी मोजली. जितके दिवस, तितक्याच गोळ्या संपल्या होत्या, सगळ्या अख्ख्या.

आपल्या जिल्ह्यांत घरोघरच्या विळ्यांवर भाजीच चिरली जावी, एवढंच आपलं काम आहे.