घरातील जुनी चीजवस्तू : ठेवावी, वापरावी की विकावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मंडळातील तिघीजणींनी, एकमेकींना न सांगता, मला एकच प्रश्न केला : “माळ्यावरच्या ह्या जुन्या पसाऱ्याचे करावे तरी काय?” एकीच्या सासरचा नांदेडचा वाडा पाडून तेथे मजल्यांची इमारत होत आहे. दुसरीचा मुलगा पुण्यास असतो, व तो म्हणतो, “आई, सगळे भंगारात दे आणि मोकळी हो.” तिसरीचे यजमान काहीच देऊ देत नाहीत, अगदी तळ गेलेली बादलीसुद्धा नाही! तिघींना वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा अध्यक्षबाईंनी मला येथेच उभे केले आहे.

मला वाटते, आपण प्रश्नच उलट्या टोकाने धरतो. वस्तू पुढे आली की पहिला प्रश्न येतो, “हिचे किती येतील?” दुसरा, “हिची अडगळ किती?” ह्या दोहोंच्याही आधी विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे : ही वस्तू कोणाची?

आपल्या मराठवाड्यातील जुन्या घरांकडे पाहा. मातीची लादणी केलेले माळवद, हात-दीड हात रुंदीच्या दगडी भिंती, ढेळज, धान्याचे बळद, अंगणात पेव. घर किती मोठे ते खणांवर मोजायचे. अशा घरात चीजवस्तू साठे, कारण तिला जागा होती. गंगाळ, हंडे, पेटारे, किनवटच्या रानातील सागवानाचा पलंग, पितळी कड्यांची बंगई, हे सारे त्या घराच्या मापाने घडलेले होते. घर बदलले, की ह्या वस्तू उघड्यावर पडतात.

हे घर बदलणे काहींच्या वाट्याला एका रात्रीत आले. माझे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारीचा भूकंप झाला व जवळजवळ आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा माळवदाचा भार ह्यांनीच घात केला. लाकडी खणांचे सांगाडे मात्र कित्येक ठिकाणी तसेच उभे होते. पुढे पुनर्वसनात जमिनीच्या मानाने २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. अडीचशे फुटांत काय मावणार? ढिगाऱ्यातून काढलेली घागर चेपलेली असली तरी बायका ती घेऊन गेल्या. तुळया-खांब काहींनी नव्या घरापुढच्या मांडवाला लावले, काहींनी विकून टाकले. ज्या घागरीवर नाव होते तिचे माणूस कित्येकदा उरलेले नव्हते. आपण सवडीने, चहा पीत जो विचार करतो, तो त्या भगिनींना उघड्या माळावर करावा लागला. म्हणून मी म्हणते, सवड आहे तोवर तो नीट करावा.

आता नावाविषयी. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. लग्नातल्या रुखवताच्या भांड्यांवर मुलीचे, मामाने दिलेल्यावर मामाचे. माळ्यावरून भांडे उतरवले की प्रथम ते चिंचेने घासा आणि ठोक्यांची अक्षरे वाचा. ते नुसते नाव नव्हे, तो मालकीचा दाखला आहे. लग्नात स्त्रीला मिळालेली चीजवस्तू हे तिचे स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मानला, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितले, की स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही. ते तिथे केवळ विश्वासाने ठेवलेले असते. वकिलाचे घर नसलेल्या बाईलाही एवढे ठाऊक असावे.

ह्या निकालाच्या आदल्या वर्षी, १९८४ साली, आमच्या नांदेडच्या घरी वाटण्या झाल्या. ढेळजेत मोडीचा व्यापारी तराजू टांगून बसलेला, घरातील पुरुषमंडळी भाव करीत होती, आणि आम्ही सुना एकेक भांडे आतून आणून देत होतो. माझ्या सासऱ्यांची एक बालविधवा बहीण घरात होती. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, बोलत काहीच नव्हत्या. एक मोठी घागर पारड्यात चढली तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तिच्यावरील नाव मोठ्याने वाचले. ते आत्याबाईंचे होते, त्यांच्या लग्नातले. सगळे गप्प झाले. सासरे म्हणाले, “उतरवा ती. अक्कांची आठवण आहे, घरातच राहील.” तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “आठवण काय करायची आहे दादा? ते घर मला आठवतही नाही. घागर विका. पण पैसे माझ्या हातात द्या.”

तसे झाले. पैसे त्यांच्या हातात दिले. त्या पैशांतून आत्याबाईंनी पिंजाऱ्याला बोलावून स्वतःसाठी नवी कापसाची गादी भरून घेतली. जन्मभर त्या वाकळीवर निजल्या होत्या. आम्ही सुना मनातल्या मनात ती घागर देवघरापाशी मांडून मोकळ्या झालो होतो! त्यांना हवे होते ते त्यांनी सांगितले. आजवर कोणी विचारले नव्हते इतकेच.

तेव्हा विचारा. सासूबाई अंथरुणावर असल्या तरी विचारा, मुलगी परगावी असली तर तिला फोन करा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तर काहीच विकू नका. त्या दिवसांत घरात जो मोठ्याने बोलतो त्याचेच चालते.

ठेवण्याविषयी माझे मत सरळ आहे : जी वस्तू काम करते ती अडगळ नव्हे. लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा सांगावयास नको. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले. आमच्या गल्लीत ज्यांनी हंडे-पिंपे मोडीत घातली होती त्या प्लास्टिकचे ड्रम शोधत हिंडत होत्या, आणि ज्यांच्या माळ्यावर आजेसासूबाईंचे मोठाले हंडे होते त्यांच्याकडे दोन दिवसांची बेगमी होती. मात्र तांब्यापितळेची भांडी ठेवायची तर कल्हईची सोय पाहा. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, कढी कळकते व पोटाला बाधते. कल्हईवाला आता वर्षाकाठी क्वचित दिसतो. आला की गल्लीने मिळून भांडी काढावीत, म्हणजे त्यालाही परवडते. पाण्याच्या हंड्याला ही अडचण नाही.

जुन्यातून नवे करण्याची आपल्याला कोणी शिकवणी द्यावयास नको. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवणारी आजी हेच करीत होती. पण अलीकडे दिवाणखान्यात जाते मांडून त्यावर फुलदाणी ठेवण्याची जी टूम निघाली आहे ती मला रुचत नाही. जाते हवे असेल तर त्यावर निदान मेतकूट तरी दळा! सागवानी पलंगाच्या पाट्यांची कपाटे छान होतात, बळदाच्या जाड फळ्यांचे बाकही होते. तत्पूर्वी लाकूड उन्हात काढून ठोकून पाहा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही; पण आंब्याबाभळीच्या लाकडाखाली बारीक पीठ पडत असेल तर घुण लागला आहे. असे लाकूड नव्या घरात नेऊ नये, नाहीतर शेजारचे कपाटही जाईल.

आता विक्री, आणि येथेच बायका फसतात. मोडीवाला पितळ व कासे एकाच पारड्यात टाकतो. पितळ म्हणजे तांबे व जस्त; कासे म्हणजे तांबे व कथील. कथील महाग, म्हणून काशाचा भाव चढा. ओळखावयाचे कसे? वाटी तळहातावर घेऊन वर नखाने टिचकी मारा. काशाचा नाद घंटेसारखा लांबतो, पितळेचा लवकर विरतो. शिवाय काशाचे भांडे पडले तर चेपत नाही, तडकते. वजन आपल्या घरच्या काट्यावर आधी करून कागदावर लिहून ठेवावे.

उदगीर, निलंगा, अहमदपूरकडील घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५६ पर्यंत हा मुलूख बीदर जिल्ह्यात होता, आणि बीदरची बिदरी कामाची पानदाने, तबके तिकडच्या घरांत निघतात. ती काळी दिसतात म्हणून लोखंडाच्या भावाने जातात. वास्तविक ते जस्त व तांब्याचे ओतकाम असून वरची वेलबुट्टी चांदीची असते. तो काळा रंग किल्ल्यातील मातीने मुद्दाम चढविलेला असतो, तेव्हा चिंच-राख लावून घासू नका. तेलाच्या बोटाने पुसा.

वस्तू किती जुनी हेही पाहावे. निजामी अमदानीत सरकारी सन फसली होता. भांड्यावर १३३० असा आकडा दिसला, तर त्यात ५९० मिळवून १९२० येते. शक समजून ७८ मिळवाल तर घागर बहामनी काळात जाऊन बसेल आणि व्यापारी गालातल्या गालात हसेल! हा हिशेब केवळ हौसेचा नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. त्या घरी ठेवण्यास बंदी नाही, मात्र मूर्ती, चित्रे, कोरीव लाकडी शिल्पे अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते; त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या परदेशी नेता येत नाहीत. दारात गाडी उभी करून कोरीव चौकट मागणाऱ्यास प्रथम परवाना विचारा. तो दाखवीत नसेल, तर भाव कितीही चांगला असो, दार लावून घ्या.

विकावयाचे नाही आणि घरात जागाही नाही, असा तिसरा मार्गही असतो. पुण्याचे दिनकर केळकर ह्यांनी १९२० च्या सुमारास असेच दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकघरातील भांडी जमवावयास सुरुवात केली. १९७५ साली तो संग्रह सरकारच्या हवाली झाला. आपल्या जवळच तेरला रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या संग्रहाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मंडळाची सहल तिकडे न्यावी असे मी सुचविते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या वस्तू पाहिल्या म्हणजे आपल्या माळ्यावरील पसाऱ्याकडे पाहण्याची नजर निराळी होते, निदान माझी झाली.

जाता जाता एक काम सांगते. एक वही घ्या. वस्तू, धातू, वजन, तिच्यावरील नाव, आणि आज ती कोणाची, एवढे पाच रकाने आखा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वह्या घेऊन या. कासे-पितळेची पारख मी वाटी वाजवून करून दाखवीन. माझ्या वहीत एकाच ओळीचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे. ती आमची बंगई. फळी सागवानी आहे, कड्यांवर कोणाचेच नाव नाही आणि चौघी जावांपैकी एकीच्याही घरात ती टांगावयास तुळई उरलेली नाही. पाडव्याला आम्ही चौघी नांदेडला जमणार आहोत, तेव्हा बसून ठरवू.