दिवे लागले, गाडी नाही

आज छोटासाच भाग, पण कामाचा. गेल्या पावसाळ्यात पहाटे आईला दवाखान्यात न्यायचं होतं. चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण स्टार्टर नुसताच टक-टक. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली, म्हणून वेळेत पोचलो.

दिवे लागले म्हणजे बॅटरी चार्ज आहे, हा माझा गैरसमज. दिव्यांना थोडा करंट पुरतो. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात.

आता मी महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावतो. डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. गाडी आधी रात्रभर उभी हवी. चालवून आल्या आल्या आकडा फुगलेला दिसतो. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीवर 12.6 आलं तर ती भरलेली. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, लगेच चार्ज करा. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी कायमची कमजोर होते. मग इंजिन चालू करा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला हवं. आकडा वाढलाच नाही, तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासून घ्या.

दोन मिनिटांचं काम आहे हो. घरी आईवडील थकलेले असतील, तर उद्या सकाळीच करा. भेटू पुढच्या भागात!