इंजिन बंद पडतं तेव्हा : एका मिस्त्रीच्या अनुभवाचे बोल



मी शेतीखात्यातला माणूस. बियाणं, खत, फवारणी यांवर आपल्याशी नेहमी बोलतो. आज मात्र डिझेल इंजिनाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. या गोष्टी मला कॉलेजात कोणी शिकवल्या नाहीत. मेहकर भागात चाळीस वर्षे इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांकडून मी त्या शिकलो, आणि त्यासुद्धा स्वतःची फजिती झाल्यावर.

झालं असं, की पैनगंगेच्या काठच्या एका शेतकऱ्याचा गहू वीस दिवसांचा झाला होता. या वेळी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांचं हे पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात. म्हणून मीच त्यांना बजावलं होतं, "भाऊ, काही झालं तरी हे पाणी चुकवू नका." नेमकं त्याच दिवशी इंजिन रुसलं. पंधरा-वीस मिनिटं चालायचं, धापा टाकायचं आणि बंद पडायचं. आम्ही टाकीचं झाकण काढून डिझेल पाहायचो, ते भरपूर असायचं. पुन्हा हँडल मारलं की इंजिन सुरू, आणि थोड्या वेळानं परत बंद. मी शहाणपणानं म्हणालो, "नोझल गेलं असेल, नवं आणा." बिचाऱ्यांनी तालुक्याला जाऊन नोझल आणलं, बसवलं. पैसे गेले, दोन दिवस गेले, रोग तसाच राहिला.

मग मिस्त्रीकाका आले. पिशवीतून पाना काढलाच नाही. इंजिन बंद पडू दिलं आणि टाकीच्या झाकणाला कान लावून ते हळूच फिरवलं. फस्सकन आवाज झाला. कचरा जाऊ नये म्हणून घरच्या पोरानं झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घातला होता, त्यानं झाकणाचं बारीक भोक बंद झालं होतं. काका म्हणाले, "सायेब, माणसाले श्वास लागते, तसा टाकीले बी लागते. डिझेल खाली गेलं तं त्याच्या जागी हवा आली पाह्यजे." आम्ही दर वेळी झाकण उघडत होतो, म्हणूनच इंजिन पुन्हा सुरू होत होतं! रोगाचं औषध आमच्याच हातात होतं आणि आम्हाला ते कळत नव्हतं. गव्हाला तेविसाव्या दिवशी पाणी मिळालं. थोडक्यात निभावलं.

मंडळी, डिझेल इंजिनाचं काम समजून घेतलं तर असा घोळ होत नाही. रुडॉल्फ डिझेल या इंजिनिअरनं १८९७ साली जर्मनीत हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे ही इंजिनं गावोगावच्या विहिरींवर आली आणि बैलांची मोट मागे पडली. या इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात मावते आणि लालबुंद तव्यासारखी तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलनं डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि घट्ट दाब. यांतलं काय बिघडलं ते धूर सांगतो.

धूर काळा असेल तर डिझेल पुरतं जळत नाही. एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल गळत असेल किंवा इंजिनावर झेपेल त्याहून जास्त ओझं असेल. सोयाबीनच्या थ्रेशरवर इंजिन लावता तेव्हा भुशानं फिल्टर एका दिवसात भरतो, तो रोज संध्याकाळी साफ करा. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा लायनर झिजले असं समजा. थंड इंजिनातून सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, त्याला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर डिझेल न जळता जातंय किंवा आत पाणी शिरतंय, मिस्त्रीला बोलवा.

डिझेल टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवू नका. नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं. ही हवा काढायला मिस्त्रीची गरज नाही. टाकी भरा, कॉक उघडा, फिल्टरवरचा हवेचा बोल्ट सैल करा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की बोल्ट आवळा. मग तसंच पंपाच्या बोल्टाला करा. मात्र नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्याचा दाब इतका जबर असतो, की डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येते. तसं झालं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

नळीच्या जोडातून डिझेल टपकत असेल तर "एवढंसं तर गळतंय" असं म्हणू नका. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला १८० मिलिलिटर, दहा तासांत पावणेदोन लिटरच्या वर डिझेल मातीत जातं. एका वायसरनं ते वाचतं.

इंजिन तापून लाल झालं तर घाईनं त्यावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. ओझं कमी करून बंद करा, आपोआप थंड होऊ द्या. रोज सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल किती तासांनी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यासाठी भिंतीवर खडूनं तास मांडून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाटावर असो की घाटाखाली, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल जातं. वर ठेवलेला पंप व्यवहारात वीस-बावीस फुटांपेक्षा जास्त खालून पाणी ओढत नाही. मग काहीजण इंजिनच विहिरीत कपारीवर उतरवतात. मिस्त्रीकाका अशा विहिरीत कधीही उतरत नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका दुष्काळात मी आन् माझा जोडीदार असेच उतरलो. इंजिन चालू होतं. मले डोकं जड लागलं म्हणून दोराले धरलं, लोकायनं वर ओढलं. तो खालीच राह्यला. आता कोणी बोलावलं तं मी म्हणतो, इंजिन वर काढा, मंगच हात लावतो. मले घरी जायाचं आहे."

बंधूंनो, इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत वारा नसतो, म्हणून तो तिथेच साठतो आणि इंजिन बंद केल्यावरही राहतो. कंदील सोडून पाहिला, तो जळतो आहे, म्हणजे विहीर चांगली, असा आपला समज आहे. तो खोटा आहे. प्राणवायू फार कमी झाला तर कंदील विझतो हे खरं, पण हा विषारी वायू असला तरी कंदील जळतच राहतो. म्हणून इंजिन विहिरीत उतरवूच नका. पाणी खोल गेलं असेल तर वीज किंवा सौर ऊर्जेवरचा सबमर्सिबल पंप लावा, नाहीतर जनरेटर वर मोकळ्यावर ठेवून पंप खाली सोडा. आणि कोणी विहिरीत बेशुद्ध पडलाच, तर त्याच्या मागं उडी घेऊ नका. एकाला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि एका घरातली माणसं एकामागून एक जातात. इंजिन बंद करा, माणसं जमवा, १०८ किंवा ११२ ला फोन करा. त्याच्या अंगाला दोर असेल तर वरूनच ओढा. म्हणूनच, विहिरीत कोणत्याही कामाला उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असावा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट वाचतं. चालत्या पट्ट्याजवळ जाताना धोतराचा सोगा, उपरणं, पदर खोचून घ्या.

शेवटी दोन शब्द मिस्त्रीविषयी. त्यांच्या दारात पहाटे पाचला माणूस उभा असतो. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. सोड्यानं हात धुतात तरी नखांतला काळा रंग जात नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पाने-हातोड्या धुऊन मांडतात, त्यांना हळद-कुंकू वाहतात आणि त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. मजुरी बहुतेक सुगीवर मिळते, काही वेळा सुगी येते आणि मजुरी येत नाही. मी त्यांना विचारलं, "काका, उधारी वसूल कशी करता?" ते हसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी इंजिन पुन्हा बंद पडतेच ना, सायेब!" हसण्यावारी नेलं तरी त्यांच्या घरीही चूल पेटायची असते. माल विकला की मिस्त्रीचा हिशेब आधी चुकता करा. गावात चांगला मिस्त्री टिकला, तर आपलं पाणी टिकेल.

हे भाषण वाचून झाल्यावर एवढंच करा. उद्या सकाळी टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून पाहा. आणि आपलं किंवा शेजाऱ्याचं इंजिन विहिरीत असेल, तर चार माणसं बोलवा आणि ते वर काढा. काढायला जातील त्यांनी आधी इंजिन बंद करून विहीर चांगली वारू द्यावी आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय खाली पाय ठेवू नये.