नादारीच्या कोर्टातील काही अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनी जामसर येथे दिलेले व्याख्यान)



माझी सारी वकिली मुंबईत, बुडालेल्या धंद्यांच्या आणि व्यापारी देण्याघेण्याच्या दाव्यांत गेली. खुनाच्या खटल्यात ऐकण्यासारखे काही तरी असते. दिवाळ्यात काय असणार? नुसत्या वह्या! पण मी जामसरचीच मुलगी. देणे म्हणजे काय, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात उसनी आणलेली नागली, वीटभट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली उचल, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची चाल डहाणू-उंबरगावकडे होती. १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले, ते तिच्याही विरुद्ध. त्या बाई कायद्याच्या पदवीधर होत्या, हे मला पुढे कळले आणि फार बरे वाटले.

स्त्रियांना वकिलीची बंदी उठली ती १९२३च्या कायद्याने. मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री-वकील. त्यांच्यामुळे आम्हांला दार उघडे मिळाले. पण दारातून आत गेल्यावर काम कोणते मिळाले, तर कोणालाच नको असलेले! माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी रोजमेळ आणि खातेवही पुढे टाकली व म्हणाले, “ताडून पाहा.” दोन वर्षे मी दुसरे काही केले नाही. आज वाटते, तेच खरे शिक्षण झाले.

‘दिवाळे काढले’ हे आपल्याकडे शिवीसारखे बोलतात. कायदा तसे मानत नाही. फेडणे खरोखरच अशक्य झाले, तर माणसाने कोर्टापुढे जाऊन आपले सर्व काही उघड करावे; कोर्टाने ते ताब्यात घेऊन धनकोंना हिश्श्याप्रमाणे वाटावे; आणि वागणूक प्रामाणिक ठरली तर त्याला देण्यातून मोकळे करावे, अशी ही व्यवस्था आहे. मुंबई शहराला १९०९चा कायदा, जव्हारसारख्या भागाला १९२०चा. २०१६ साली नवी संहिता आली खरी, पण तुमच्याआमच्यासारख्या व्यक्तींविषयीचा तिचा भाग अद्याप पुरता लागू झालेला नाही. आणि सर्वच काही नेता येत नाही, बरे का! अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीप्रमाणे काढता न येणारे मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर तुरुंगात टाकताच येत नाही. हे दिवाणी कायद्यात १९०८ पासून लिहिलेले आहे.

आता माझी एक चूक सांगते. एक कापडाचे व्यापारी माझे पक्षकार होते. भला माणूस, उधारीत बुडाला. चार वर्षे खटपट करून मी त्यांची देण्यातून सुटका करून घेतली. त्यांच्या पत्नी पेढे घेऊन आल्या, आणि मीही ते आनंदाने खाल्ले. तीन महिन्यांनी त्याच बाई एक नोटीस घेऊन आल्या. नवऱ्याच्या कर्जाला त्या जामीन होत्या! “ह्यांनी कागद पुढे केला, मी सही केली,” एवढेच त्या म्हणाल्या. कर्जदार कोर्टातून सुटला तरी जामीनदार सुटत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. मी सगळ्या वह्या तपासल्या होत्या. घरच्या बाईने कोठे सही केली आहे काय, एवढे मात्र विचारले नव्हते. माहेरकडून मिळालेली त्यांची खोली विकावी लागली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण ते पेढे मला अजून आठवतात.

मोठ्या कंपन्यांतही हेच. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांवर थेट कारवाई करण्याची तरतूद डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरवली आणि कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, असेही सांगितले. असे कागद मी पुष्कळ पाहिले. खाली सही बहुधा आईची, नाही तर बायकोची.

मंडळात बचतगटाच्या भगिनी बसल्या आहेत, म्हणून आणखी एक सांगते. गटाच्या कर्जात पुष्कळदा प्रत्येकीने दुसरीची हमी घेतलेली असते. कागदावर ‘जामीन’ हा शब्दच असेल असे नाही. ‘हमीदार’ असेल, ‘संयुक्त जबाबदारी’ असेल. अर्थ तोच: तिने भरले नाही, तर तुमच्याकडे मागणार. सही करू नका, असे मी म्हणत नाही. शेजारणीसाठी उभे राहायचे नाही, तर मंडळ कशाला? पण रक्कम किती, मुदत किती हे विचारा, आणि कागदाची प्रत मागून घ्या. सावकाराचा पैसा असेल तर त्याचा परवाना पाहा. २०१४च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कोणासाठीही, अगदी भावासाठीही, देऊ नका.

मी उद्या दुपारच्या एस. टी.ने परत जाणार आहे. सकाळी येथेच ओटीवर बसेन. ज्यांच्या घरी असले कागद डब्यात पडून असतील, त्यांनी ते घेऊन यावेत. आपण ते मिळून वाचू.