प्लेगच्या जंतूची कुळकथा

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ताप आणि गाठ आलेले रोगी तपासले व हा प्लेग आहे असे निदान केले. आपल्याकडील वैद्य त्यास ग्रंथिक सन्निपात म्हणत. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधला होता. आज त्यास त्यांचेच नाव आहे : येर्सिनिया पेस्टिस.

हा जंतू सर्वत्र एकच, की त्याचेही निरनिराळे वाण आहेत? 1951 साली देविन्या नामक शास्त्रज्ञाने दोन साध्या कसोट्या लावून त्याचे तीन वर्ग पाडले. जंतू ग्लिसरीन आंबवितो काय आणि नायट्रेटचे नायट्राइट करतो काय, एवढेच पाहावयाचे. दोन्ही करणारा तो अँटिका. केवळ ग्लिसरीन आंबविणारा मेडिएव्हॅलिस. केवळ नायट्रेट पालटणारा ओरिएंटालिस. हाँगकाँगहून आगबोटींतून जगभर पसरलेली साथ ओरिएंटालिसची होय. इतिहासातील तीन महासाथींशी या तीन वर्गांचा मेळ देविन्यांनी घातला होता. जुन्या दफनभूमींतील अस्थींमधून जंतूंची जनुके वाचता आल्यावर मात्र तो टिकला नाही.

हा जंतू वंशाने अगदी अलीकडचा. पोटाचा विकार करणाऱ्या एका जंतूपासून तो काही हजार वर्षांपूर्वीच निपजला. त्याच्या जनुकलेखात सुमारे 46 लाख अक्षरे. परंतु वाणावाणांत फरक अगदी थोडा. तो थोडा फरकच मोलाचा. भिलाईच्या कारखान्यात रुळावर कारखान्याची खूण, साल आणि पोलादाच्या ओताचा क्रमांक उमटवितात. पुढे रूळ कोठेही तडकला तरी तो कोणत्या ओतातला हे सांगता येते. जंतूच्या लेखातील बदललेली अक्षरेही तशीच त्याच्या उगमाचा माग देतात.

याची निकड आपल्याला 1994 साली कळली. बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग उद्भवला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा. लाखो लोकांनी सुरत सोडली, परदेशांनी विमाने थांबविली आणि हा प्लेग होता की नव्हता, याचाच वाद माजला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी साथीतील जंतूंची जनुके तपासून 2000 साली प्रसिद्ध केले की, ते येर्सिनिया पेस्टिसच होते. निर्वाळा मिळाला, परंतु भयाने गाव सोडलेल्यांना त्याचा काय उपयोग?

प्लेग वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. मात्र 1995 साली मादागास्करमध्ये नेहमीच्या अनेक औषधांना दाद न देणारा वाण आढळला. म्हणून रोगाच्या नावाबरोबर जंतूचा वाणही त्वरित ओळखता यावा लागतो. गावात उंदीर पडू लागले की वर्दी देणारा ग्रामस्थ आणि तो जंतू तपासणारी प्रयोगशाळा, यांतील अंतर जितके थोडे, तितकी अफवेला जागा थोडी.