स्वादुपिंडाचं ऑपरेशन आणि सुईचा हिशेब

आज आम्ही पोटातल्या अशा एका अवयवाबद्दल बोलणार आहोत, ज्याचं नाव घरात सहसा आजार झाल्यावरच कळतं. त्याचं नाव स्वादुपिंड. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच अवयवाच्या कर्करोगानं गेले. तेव्हा बातम्यांमध्ये तुम्ही हे नाव ऐकलं असेल.

कर्करोग, गाठ किंवा वर्षानुवर्षांची सूज, अशा कारणांनी स्वादुपिंडाचा काही भाग, कधी सगळंच, काढावं लागतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशी ऑपरेशनं नेहमी होतात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला रुग्ण अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई असा कुठं कुठं जातो आणि टाके निघाले की घरी येतो. पुढचं सगळं घरातल्या बाईच्या हाती. मग घरात प्रश्न निघतो, "ऑपरेशन तर झालं, आता सुई काहून?"

त्याचं उत्तर समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागं आडवं असतं, साधारण सहा इंच लांब. त्याची कामं दोन. एक, अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणं. दुसरं, इन्सुलिन तयार करून रक्तात सोडणं. भाकरीची साखर होते, ती रक्तातून शरीराच्या पेशींत पोहोचवायला इन्सुलिन लागतं. १८८९ साली जर्मन डॉक्टर मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. साखरेचा कारभार इथून चालतो, हे तेव्हा उमगलं. पुढं १९२२ साली कॅनडात पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिनची सुई दिली गेली.

इन्सुलिन करणाऱ्या पेशींची छोटी छोटी बेटं स्वादुपिंडभर विखुरलेली असतात, शेपटीकडं जास्त दाट. म्हणून कोणता भाग काढला आणि किती काढला, यावर पुढचं ठरतं. डोक्याकडचा भाग काढतात त्याला व्हिपलचं ऑपरेशन म्हणतात. त्यात आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्ताशयही जातं, पण शेपूट राहते. उरलेला भाग निरोगी असला तर तो पुष्कळदा काम भागवतो. शेपूट काढली तर साखर वाढण्याचा धोका जास्त. आधीच साखर वाढलेली असेल किंवा सूज येऊन उरलेला भाग कडक झाला असेल, तर धोका आणखी वाढतो. साखर लगेच वाढली नाही तरी काही वर्षांनी वाढू शकते. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करायचीच.

सगळं स्वादुपिंड काढलं असेल, तर शरीरात इन्सुलिन तयार होणं थांबतं. मग सुई जन्मभराची. गोळी, काढा, कारल्याचा रस तिची जागा घेऊ शकत नाही. सुई बंद केली तर जीव जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. साखर फार उतरली तर ती वर आणणारा ग्लुकॅगॉन नावाचा रसही स्वादुपिंडातच तयार होतो. सगळं काढलं की तोही जातो. त्यामुळं अशा रुग्णाची साखर झपाट्यानं खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस बरळतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटलं की जेवू घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

चतुर्थी, एकादशीचा उपवास, शेगावची पायी वारी, सोंगणीचे दिवस, यांत जेवणाची वेळ टळते. सुई घेऊन जेवण टाळणं धोक्याचं. उलटी झाली, जेवण गेलं नाही, तरीही सुई मनानं बंद करू नका. मात्रा किती ठेवायची, ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

पचनाच्या कॅप्सूलही काहींना लागतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. तेलकट, तरंगणारी शौच होत असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. अन्न पचलं नाही आणि सुई मात्र घेतली, तरी साखर उतरते. दारू, तंबाखू पूर्ण बंद.

इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसेल तर मातीच्या दोन भांड्यांच्या मध्ये ओली वाळू भरा आणि आतल्या भांड्यात बाटली पिशवीत गुंडाळून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात ती खिडकीत किंवा चुलीजवळ राहू देऊ नका.

रुग्णालयातून निघण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. किती भाग काढला? कोणता काढला? साखर कधी तपासायची? साखर उतरली तर फोन कुणाला करायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत साखर उतरल्याची ही लक्षणं एकमेकींना सांगा. शेजारणीलाही ती माहीत असली पाहिजेत, कारण अशा वेळी घरात दुसरं कुणी असेलच असं नाही. पुन्हा भेटू. नमस्कार.